चरबी म्हणजे वाढ नव्हे : शेततळ्यातील माशांच्या खाद्याबद्दल चार शब्द



उसाच्या माणसाने माशांवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. आम्ही शेतकी पदविका घेतलेले, आमची उमेद बेणे, लागण, खोडवा, पाळी आणि तोडीचा क्रम यातच गेली. पण आपल्या भागात आता शेततळी झाली आहेत. सन २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, त्यानंतर तापी-पूर्णेच्या काठच्या गावांतून प्लास्टिक कागद अंथरलेली तळी दिसू लागली. उसाला आणि केळीला उन्हाळ्यात ठिबकने पाणी देण्यासाठी ती केलेली. पाणी साठले की त्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडायची, ही पुढची पायरी. सन २०२५ मध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जाही दिला. तेव्हा मासा हाही आता आपल्या सातबाऱ्याच्या बांधावरचाच विषय झाला, असे समजून हे लिहितो.

लिहिण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. आमच्याकडून एक चूक झाली, ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

दोन वर्षांपूर्वी एका गट सभेत ऊस लागणीचा विषय संपल्यावर काही सभासदांनी माशांच्या खाद्याचे विचारले. पेंड महाग, तयार गोळी-खाद्य त्याहून महाग, मासा लवकर कसा पोसावा? एका खाद्य विक्रेत्याकडून ऐकलेले आम्ही बिनदिक्कत सांगून टाकले : "पेंड-कोंड्यात थोडे खाद्यतेल मिसळा, अंगावर लवकर येतो." आम्ही त्याची खात्री केली नव्हती. साहेब म्हणाले म्हणून एका सभासदाने ते मनावर घेतले. तेल घातले, आणि थोडे सांगितले होते तिथे हात सैल सोडून घातले.

गेल्या मे महिन्यात पहाटे त्यांचा निरोप आला. तळ्यावर जाऊन पाहतो तर मासे पांढरे पोट वर करून तरंगताहेत. सगळे नव्हेत, पण निम्म्याच्या आसपास. आदल्या दिवशी व्यापाऱ्यासाठी जाळे ओढले होते, थोडा माल काढून बाकीचा परत सोडला होता. आप्पा काठावर उकिडवे बसलेले. म्हणाले, "साहेब, मासा तर चांगला पोसला होता. उपाशी मेला असता तर समजलो असतो. पोसलेला कशानं मरतो?"

मत्स्य व्यवसायातील एका जाणकारांना आम्ही बोलावले. त्यांनी एक मासा पोटातून चिरला. आतडी दिसेचनात, सगळीकडे पांढऱ्या चरबीचे थर. यकृत, म्हणजे आपण कलेजी म्हणतो ती, तांबूस-तपकिरी असायला हवी ती पिवळट फिकी, आणि बोट लावताच लोण्यासारखी फुटली. ते म्हणाले, "रात्री पाण्यातला प्राणवायू कमी पडला हे निमित्त. पण असल्या यकृताचा मासा जाळ्याचा धक्का आणि पहाटेची घुसमट दोन्ही कशी सोसणार?"

त्या दिवसापासून आम्ही हा विषय वाचतो आहोत, जाणत्यांना विचारतो आहोत. जे समजले ते पुढे मांडतो.

प्रथम आपल्या ओळखीच्या उदाहरणाने सांगतो. उसाला युरियाचा मारा केला तर ऊस काळाभोर हिरवा दिसतो, उंच जातो, बघणाऱ्याचे डोळे दिपतात. मग वाऱ्यात लोळतो, किडीला बळी पडतो, रस पातळ निघतो आणि उतारा खाली येतो. वजनकाट्यावर टन भरतात, पण साखर कमी. चरबीवर पोसलेल्या माशाचे असेच आहे. काट्यावर वजन भरते, पण त्यातले बरेचसे पोटातली चरबी असते, जी साफ करताना कोयत्याखाली काढून टाकली जाते. आणि उसापेक्षा इथे धोका मोठा, कारण लोळलेला ऊस निदान गाळपाला येतो, मेलेला मासा कोणी घेत नाही.

असे का होते? मासा म्हणजे बैल नव्हे. बैलाला, माणसाला अंगाची ऊब राखण्यासाठी सतत इंधन जाळावे लागते. माशाचे अंग पाण्याइतकेच गार किंवा गरम, त्याला ऊब राखायचा खर्चच नाही. पाण्यात तरंगत असल्याने अंगाचे ओझे पेलायचेही कष्ट नाहीत. शरीरातला टाकाऊ नत्र तो अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांतून बाहेर सोडतो, त्यालाही फारशी शक्ती लागत नाही. थोडक्यात, माशाचा घरखर्च फार थोडा. चरबीत मात्र इंधन भरपूर : एक ग्रॅम प्रथिनात सुमारे ४ किलोकॅलरी, तर एक ग्रॅम चरबीत सुमारे ९. घरखर्च थोडा आणि आवक दुप्पट, मग शिल्लक कुठे जाणार? ती यकृतात आणि आतड्यांभोवती साठत जाते.

त्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या या कार्प कुळातल्या माशांना जठरच नसते. खाल्लेले सरळ आतड्यात जाते. शेवाळ, पाणवनस्पती, सूक्ष्म जीव, तळचा कुजका पालापाचोळा, हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न, आणि ते तेलकट नाही. म्हणून या माशांना खाद्यात साधारण ५ ते ८ टक्के स्निग्धांश पुरतो, गवत्याला तर त्याहूनही कमी चालतो. प्रथिने मात्र २५ ते ३० टक्के लागतात, कारण मांस प्रथिनाचे बनते, तेलाचे नव्हे.

आता आप्पांच्या खाद्याचा हिशेब पाहा. हा हिशेब आम्ही दोन वर्षांपूर्वीच करायला हवा होता. ५० किलो घाणीची भुईमूग पेंड, तिच्यात सुमारे ८ टक्के तेल राहते, म्हणजे ४ किलो. ५० किलो भाताचा कच्चा कोंडा, त्यात सुमारे १५ टक्के तेल, म्हणजे साडेसात किलो. वरून ओतलेले तेल ५ किलो. एकूण १०५ किलो खाद्यात साडेसोळा किलो तेल, म्हणजे साडेपंधरा टक्क्यांच्या वर! गरजेच्या दुप्पट. बरे, तेल घालण्याआधीच ते खाद्य ११ टक्क्यांच्या पुढे होते. म्हणजे तेलाची गरज मुळातच नव्हती, आणि आम्ही ते घालायला सांगितले.

दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. चरबी हे माशाला विष नव्हे. थोडा स्निग्धांश नसेल तर मासा महागडी प्रथिनेच इंधन म्हणून जाळतो, वाढ खुंटते आणि पाण्यात अमोनिया वाढतो. योग्य चरबी प्रथिने वाचवते, हे शास्त्राला मान्य आहे. याच तत्त्वावर नॉर्वेत सामन माशाच्या खाद्यात ३० टक्क्यांहून अधिक चरबी घालतात, आणि तिथला तो धंदा जगात अग्रेसर आहे. विक्रेत्यांनी कोठून तरी हीच गोष्ट ऐकलेली असते. पण सामन हा थंड समुद्राचा, दुसरे मासे खाऊन जगणारा मासा. त्याच्या मांसातच चरबी मुरते आणि गिऱ्हाईक त्या चरबीसाठीच पैसे मोजते. तिथले पाणी गार, प्राणवायूने भरलेले. आपला रोहू उष्ण पाण्यातला, शेवाळ-कोंड्यावर जगणारा. नॉर्वेची चाल भुसावळात चालवणे म्हणजे कोकणातला भात खानदेशच्या काळीत बिनपाण्याचा पिकवायला निघणे होय.

जास्त चरबीने आरोग्याचे काय होते याचा अभ्यास चीनमध्ये बराच झाला आहे, कारण गवत्या आणि तिलापिया यांची शेती तिथे फार मोठी आहे. त्या अभ्यासांतून वारंवार दिसले ते असे. यकृतात चरबी भरते आणि त्याचे काम मंदावते. आतड्याच्या अस्तराला सूज येते. रोगाशी लढण्याची ताकद घटते. सुरुवातीला वजन वाढते, पुढे वाढही थांबते. यकृत निकामी झालेला मासा वरून धडधाकट दिसतो, हीच यातली फसवणूक. त्याची परीक्षा होते ती जाळे ओढताना, वाहतुकीत, अंगावर तांबडे डाग पाडणाऱ्या जंतूंची साथ आली तेव्हा, किंवा पाण्यातला प्राणवायू घटला तेव्हा.

आणि प्राणवायू घटतोच. २० अंश उष्ण पाणी एका लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते. तेच ३० अंशांवर साडेसात आणि ३५ अंशांवर सातच्याही खाली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे भुसावळकरांना सांगायला नको. त्यात रात्री पाण्यातले शेवाळही प्राणवायू घेते, म्हणून सर्वांत वाईट वेळ पहाटेची. न खाल्लेले तेलकट खाद्य तळाशी कुजते, तेही प्राणवायूच ओढते. म्हणजे तेलाने माशाला आतून कमजोर केले आणि बाहेरून त्याचा श्वासही कोंडला.

तेलाचा आणखी एक दोष आहे, आणि आपल्या हवेत तो सर्वांत मोठा : तेल खवट होते. जपानमध्ये रेशीम काढून झाल्यावर उरलेले कोशातले किडे कार्प माशांना खाऊ घालत. त्यांत तेल फार. साठवणीत ते खवट झाले की माशांच्या पाठीचे मांस झडून पाठ सुरीसारखी धारदार होई. सन १९६० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हा रोग खवट तेलाचा आहे आणि ई जीवनसत्त्व दिले तर तो टळतो. खवट तेल खाद्यातले ई जीवनसत्त्व नासवते आणि माशाच्या पेशींना इजा करते. आता आपले पाहा. खाद्याची पोती आपण कोठे ठेवतो? पत्र्याच्या शेडात, पंपाच्या शेजारी. भाताचा कच्चा कोंडा तर गिरणीतून निघाल्यापासून खवट व्हायला लागतो. आपल्या घरी खवट शेंगदाणा तोंडात आला तर आपण थुंकतो. मासा बिचारा थुंकून जाणार कोठे?

काही जण म्हणतील, गावतलावात तर कोणी काहीही टाकतो, तिथले मासे कसे जगतात? त्याचे कारण मातीचा तळ. तिथे शेवाळ, किडे, सूक्ष्म जीव आपोआप तयार होतात, मासा खातो त्यातला मोठा हिस्सा तोच. आपण दिलेले खाद्य तिथे चटणी-लोणच्यासारखे. आपले शेततळे मात्र प्लास्टिक अंथरलेले, मातीचा तळच नाही, नैसर्गिक अन्न थोडे. मासा जवळजवळ पूर्णपणे आपल्या हाताकडे बघून जगतो. तेव्हा हात चुकला तर सगळेच चुकले. हतनूरच्या जलाशयात चालणारा हिशेब शेतातल्या तळ्याला लावता येत नाही.

मग करावे काय? उपाय अवघड नाहीत, आणि बहुतेक खर्च वाढवणारे नसून वाचवणारे आहेत.

खाद्यात वरून तेल घालणे आजपासून बंद करावे. ५० किलो भुईमूग पेंडीबरोबर कच्च्या कोंड्याऐवजी ४० किलो तेल काढलेला कोंडा आणि १० किलो ताजा कच्चा कोंडा घेतला, तर एकूण स्निग्धांश ६ टक्क्यांच्या आत येतो आणि प्रथिनेही पुरतात. सोबत पशुखाद्याच्या दुकानातले नव्हे, माशांसाठी केलेले जीवनसत्त्व-खनिज मिश्रण पाकिटावरच्या प्रमाणात द्यावे. आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या परिसरातले शेतकरी तेल काढलेला कोंडा हेच मुख्य खाद्य धरून रोहू-कटला पिकवतात आणि तो देशभर जातो. ते खाद्य भोके पाडलेल्या पोत्यांत भरून बांबूला टांगतात. मासा चोचून खातो, वाया कमी जाते, आणि पोते रिकामे होण्यास किती वेळ लागला यावरून भूक कळते. ही रीत आपल्या तळ्यावर कोणालाही करता येईल.

सरकी पेंड आपल्या खानदेशात मुबलक, पण घाणीच्या सरकी पेंडीतही तेल असते आणि शिवाय गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य. थोडी मिसळली तर हरकत नाही, सगळी भिस्त तिच्यावर नको. भुईमूग पेंडीला बुरशी दिसली तर ती गुरांनाही नको आणि माशांनाही नको.

तयार गोळी-खाद्य घेणाऱ्यांनी पोत्यावरचे दोन आकडे आणि एक तारीख वाचावी : प्रथिने किती टक्के, स्निग्धांश किती टक्के, आणि माल तयार केव्हा झाला. ज्या पोत्यावर हे छापलेले नाही ते घेऊ नये. महिनाभर पुरेल इतकेच खाद्य आणावे, जमिनीपासून वर फळ्यांवर आणि सावलीत ठेवावे, वास घेऊन मगच टाकावे.

खाद्य माशांच्या वजनाच्या २ ते ३ टक्के, दोन वेळात विभागून. उन्हाळ्याच्या कडाक्यात आणि थंडीच्या दिवसांत कमी. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करीत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद, पंप लावून पाणी उसळवावे. जाळे ओढण्याच्या आदल्या दिवशी मासा उपाशी ठेवावा. तळ्यात गवत्या असेल तर त्याला बांधावरचे कोवळे गवत, लसूणघास द्यावे, त्याला पेंडीपेक्षा तेच मानवते.

आणि सर्वांत महत्त्वाचे : महिन्यातून एकदा एक मासा चिरून पाहावा. आपण उसाचा ब्रिक्स बघितल्याशिवाय तोड देतो का? तसेच हे. आतडी चरबीत बुडालेली दिसली, यकृत पिवळे दिसले, तर खाद्यातला स्निग्धांश आणि खाद्याचे प्रमाण दोन्ही लगेच कमी करावे. एका माशाच्या किमतीत सगळ्या तळ्याची हकीकत कळते, आणि संध्याकाळी कालवण होते ते वेगळेच.

एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो : "माशाचे तेल तर माणसाला चांगले म्हणतात, मग तेलकट मासा वाईट कसा?" माशाच्या अंगात जी चरबी साठते ती त्याने खाल्लेल्या चरबीच्या वळणाची असते. पामतेल पाजलेल्या रोहूच्या पोटात पामतेलाच्या वळणाचीच चरबी साठणार. डॉक्टर ज्या माशाच्या तेलाचे गुण सांगतात ते तेल त्यातून मिळत नाही. उलट असा मासा बर्फातही लवकर खवट होतो आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्याकडे वळते.

आता आमचे मत स्पष्ट मांडतो. मासा वजनावर विकला जातो तोवर वजन वाढवण्याचा मोह राहणारच, यात कोणा एकाचा दोष नाही. ऊसही पूर्वी नुसत्या टनावर बघितला जाई. उताऱ्याचे महत्त्व पटल्यावर आपण जाती बदलल्या, खताचे हप्ते बदलले. माशाच्या बाबतीतही वजनाबरोबर आरोग्याकडे पाहण्याची सवय आपणच लावून घेतली पाहिजे. त्यासाठी आमच्या तीन नम्र सूचना आहेत. कारखान्याच्या शेतकी भांडारात माशांचे खाद्य ठेवावयाचे झाल्यास स्निग्धांशाचा आकडा आणि तारीख छापलेलेच ठेवावे. ज्या सभासदांकडे मत्स्यतळी आहेत त्यांनी मिळून एकत्र खाद्य खरेदी करावी, म्हणजे भाव कमी पडेल आणि माल ताजा मिळेल. आणि शेतकी खात्याच्या आम्हा लोकांनी आपल्याला जे येते तेवढेच सांगावे, जे येत नाही त्यासाठी मत्स्य विभागाचा जाणकार गट सभेला बोलवावा. ही तिसरी सूचना आम्ही सर्वांत आधी स्वतःला करून घेतली आहे.

आप्पांनी यंदा पुन्हा बोटुकली सोडली. आम्ही संकोचतच तळ्यावर गेलो, तर म्हणाले, "या साहेब. तेल आता फक्त घरच्या फोडणीला." बोलले ते हसत, पण त्यांचे झालेले नुकसान भरून आलेले नाही आणि त्यात आमचा वाटा आहे हे आम्ही विसरलेलो नाही. दुसऱ्या कोणा सभासदावर ती पाळी येऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. ज्यांच्या तळ्यात आज मासा आहे त्यांनी उद्या सकाळी खाद्याच्या पोत्यात हात घालून एकदा वास घ्यावा, ही विनंती.



— ऊस विकास अधिकारी, भुसावळ विभाग